व्हीनसचा देव

१७३१च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या न्यूपोर्ट बंदरात एका पाळकाने ८० पौंड मोजून एक मुलगी विकत घेतली. तिचं वय १४च्या आसपास होतं. विक्रीच्या कागदात तिचं नाव व्हीनस असं लिहिलं आहे. तिच्या आईने तिला ज्या नावाने हाक मारली असेल ते कागदात कुठेच नाही. घेणाऱ्याचं नाव जोनाथन एडवर्ड्स. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थम्प्टन गावच्या मंडळीचा हा पाळक. अमेरिकेने जगाला दिलेला सर्वांत खोल धर्मचिंतक म्हणून त्याचं नाव आजही घेतलं जातं.

मी परळच्या चाळीत वाढले, पालिकेच्या शाळेत इतिहास शिकवला आणि आता निवृत्त आहे. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीचा हा सौदा मला स्वस्थ बसू देत नाही, कारण माझी श्रद्धा त्याच घराच्या उंबऱ्यावरून इथवर आली आहे. एडवर्ड्स यांनी १७४९ साली डेव्हिड ब्रेनर्ड या अल्पायुषी मिशनऱ्याचं चरित्र छापलं. ते वाचून पुढच्या दोन-तीन पिढ्यांतले कितीतरी तरुण घरदार सोडून निघाले. १८१० साली न्यू इंग्लंडमध्ये परदेशी मिशनांसाठी अमेरिकन बोर्ड स्थापन झालं. १८१३च्या फेब्रुवारीत त्याचे दोन पाळक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, मुंबईला उतरले. कंपनी सरकारला ते इथे नको होते. परत जाण्याचे हुकूम झाले, गव्हर्नर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्जांमागून अर्ज गेले, तेव्हा कुठे त्यांना राहू देण्यात आलं. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा निघाली, १८२७च्या अखेरीस सिंथिया फरार नावाच्या अविवाहित बाई ती शाळा सांभाळायला आल्या आणि १८३९ साली त्या अहमदनगरला गेल्या. नगर जिल्ह्यातल्या एका गावी माझ्या पणजीने पाटीवर पहिलं अक्षर काढलं ते याच मिशनच्या शाळेत. गावाने तिला महारवाड्याबाहेर कधी बसू दिलं नव्हतं. शाळेत ती बाकावर बसली. आमच्या घरात ही गोष्ट आजही देवाच्या गोष्टीसारखी सांगितली जाते.

रविवारी दुपारी माझ्या खोलीत आम्ही काही जण वाचायला बसतो. भायखळ्याच्या चर्चमधले काही, शेजारपाजारचे काही. त्यांत नायगावच्या बीडीडी चाळीतला एक मुलगा येतो. घर बौद्ध, वकिलीचं शिक्षण चालू. एडवर्ड्स यांच्यावर मी बोलले आणि व्हीनसची गोष्ट लपवली नाही, तेव्हा तो म्हणाला, "बाई, ज्यांनी माणसं विकत घेतली त्यांच्याकडून तुम्ही देव कसा घेतलात?"

सगळे गप्प झाले. एका काकूंनी नेहमीचं उत्तर दिलं, "अरे, तो काळच तसा होता." मला ते उत्तर मान्य नाही. काळ तसा असता, तर १६८८ साली पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या क्वेकरांनी गुलामीविरुद्ध निवेदन लिहिलं नसतं. १७०० साली बोस्टनच्या सॅम्युअल स्यूअल या न्यायाधीशाने योसेफाला भावांनी विकल्याच्या कथेवरून गुलामांच्या व्यापारावर पुस्तिका छापली नसती. खुद्द एडवर्ड्स यांच्या शेजारच्या एका मंडळीत, आपला पाळक गुलाम ठेवतो म्हणून लोक कुरकुरत होते आणि १७४१च्या सुमारास एडवर्ड्स यांनी त्या पाळकाच्या बचावाचं टिपण लिहायला घेतलं. म्हणजे प्रश्न विचारला गेला होता. त्यांच्या दारापर्यंत आला होता. आणि काळ म्हणायचा तर तो एकट्या एडवर्ड्स यांचा नव्हता, व्हीनसही त्याच काळात जगत होती. तिला विचारलं असतं तर तिने काळाची साक्ष वेगळी दिली असती.

त्या टिपणातला एक मुद्दा मात्र माझ्या मनात रुतून बसला आहे. जे टीका करतात तेही गुलामांच्या श्रमाचं फळ खातातच, मग दोष फक्त मालकाचा कसा, असा तो मुद्दा. तो खोटा नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेकडचा गुलामांनी पिकवलेला कापूस लँकेशायरला पोचेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. या शहरात पैसा नुसता वाहत होता. बॅक बेचा समुद्र हटवायच्या कंपन्या निघाल्या, शेअर आभाळाला भिडले आणि १८६५च्या जुलैत सगळं कोसळलं. ज्या गिरणगावात मी जन्मले त्याच्या मुळाशी असलेल्या भांडवलातही त्या दूरच्या शेतांवरच्या घामाचा अंश आहे. पण सगळे वाटेकरी आहेत यावरून एवढंच ठरतं की सगळ्यांनी सुटकेची खटपट केली पाहिजे. एडवर्ड्स यांनी त्यावरून मालकाला सोडून दिलं. त्यांच्यासारख्या बुद्धीच्या माणसाने हे करावं याचं मला अजून दुःख होतं.

आता मूळ प्रश्न. हा माणूस ढोंगी असता तर सगळं सोपं होतं. ढोंग्याचा देव टाकून देता येतो. पण एडवर्ड्स ढोंगी नव्हते. खरा सद्गुण म्हणजे काय, यावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७६५ साली छापला गेला. आपल्या घरापुरतं, जातीपुरतं, देशापुरतं प्रेम हा खरा सद्गुण नव्हे. जे जे अस्तित्वात आहे त्या सर्वांच्या कल्याणाची ओढ हाच सद्गुण, असं ते मांडतात. त्यांच्या मंडळीत काळी माणसं, त्यांत गुलामही, पूर्ण सभासद झाली होती. एकाच प्रभुभोजनाला मालक आणि दासी बसत होते. आणि १७५८ साली एडवर्ड्स वारले तेव्हा त्यांच्या मालमत्तेच्या यादीत टायटस नावाचा एक काळा मुलगा किमतीसह नोंदलेला होता.

हे एका माणसाच्या मनात एकत्र कसं राहिलं? माझ्या मते याचं उत्तर १६६७ सालच्या व्हर्जिनियाच्या एका कायद्यात आहे. तिथल्या मालकांना धास्ती होती की गुलामाला बाप्तिस्मा दिला तर तो ख्रिस्ती बंधू होईल आणि बंधूला बांधून कसं ठेवायचं? विधानसभेने निकाल दिला: बाप्तिस्म्याने माणसाच्या दास्यात काही फरक पडत नाही. झालं. आत्मा देवाचा, देह मालकाचा. एकाच माणसाच्या नावाने दोन वह्या उघडल्या गेल्या. एका वहीत तो सर्वांच्या बरोबरीचा, दुसरीत त्याची किंमत ८० पौंड, आणि एका वहीतली नोंद दुसरीत कधी उतरवायची नाही हा नियम. एडवर्ड्स यांनी पहिली वही मनापासून लिहिली. तेवढ्यासाठीच ते मोठे आहेत. दुसरी वही त्यांनी उघडून पाहिली नाही.

मी त्यांच्यावर दगड उचलायच्या आधी मला माझ्याच चाळीचं आठवतं. माझे आजोबा बाप्तिस्मा घेतलेले, पण गिरणीत त्यांची जात सगळ्यांना ठाऊक. ते त्रासन, म्हणजे सूतकताईच्या, खात्यात होते. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार चांगला, पण तिथे त्यांना जागा नव्हती. साच्यावर बॉबिन बदलली की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि महाराच्या तोंडाचा धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, म्हणून ते खातंच अस्पृश्यांना बंद. पाण्याची भांडीही वेगळी. ही कुणा एका गिरणीची गोष्ट नव्हे, बहुतेक सगळीकडे हीच रीत. १९२८च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला तेव्हा तिथेही कुचंबणाच झाली. मालकाविरुद्ध सगळे कामगार एक, ही एक वही. धोटा आणि माठ, ही दुसरी. संध्याकाळी याच चाळींत टाळ वाजायचे आणि चोखोबांचे अभंग अतिशय गोड गळ्यांनी गायले जायचे. आजोबा जिन्यात उभे राहून ऐकत. त्यांना अभंग पाठ होते. आत या, असं कुणी म्हणत नसे आणि येऊ नका, असंही कुणी म्हणत नसे.

पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, आतल्या विठोबाच्या बाहेर. संतांनी देवापुढे सगळे सारखे हे सांगितलं आणि ते खऱ्या तळमळीने सांगितलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही देवळाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. मधली सहाशे वर्षं समता पहिल्या वहीत सुरक्षित होती. म्हणून मला वाटतं, हा दोष ख्रिस्ती धर्माचा किंवा हिंदू धर्माचा असा वेगवेगळा मोजण्यात अर्थ नाही. जिथे जिथे भक्ती माणसाचे दोन तुकडे करायला तयार होते, तिथे तिथे गुलामी तिच्या शेजारी सुखाने नांदते. आत्म्याला मोक्ष देऊन टाकणं स्वस्त पडतं. त्यात मालकाचं काही जात नाही.

पण एडवर्ड्स यांची गोष्ट त्यांच्यापाशी संपत नाही, आणि त्या मुलाला मला हेच सांगायचं होतं. त्यांच्या घरी राहून शिकलेला एक विद्यार्थी होता, सॅम्युअल हॉपकिन्स. त्यानेही एकेकाळी गुलाम बाळगला होता. १७७० साली तो न्यूपोर्टच्या मंडळीचा पाळक झाला, जिथे व्हीनस विकली गेली त्याच बंदरात. गुलामांची जहाजं त्याच्या डोळ्यांसमोर सुटत आणि लागत. त्याच्या मंडळीत जहाजांवर पोट भरणारे गोरे होते आणि त्या जहाजांतून आलेले काळेही होते. त्यांतले दोघे, जॉन क्वामिन आणि ब्रिस्टल यामा. दोघांनी मिळून घेतलेल्या लॉटरीच्या तिकिटाला बक्षीस लागलं आणि त्या पैशांतून त्यांनी आपलं स्वातंत्र्य विकत घेतलं. ते आफ्रिकेत शुभवर्तमान घेऊन जायला तयार होते. हॉपकिन्स आणि त्याच गावचे दुसरे पाळक एझ्रा स्टाइल्स यांनी १७७३ साली त्यांच्या शिक्षणासाठी वर्गणी मागितली. मग स्वातंत्र्ययुद्ध आलं आणि सगळं राहिलं. बायकोला सोडवायला पैसे हवेत म्हणून क्वामिन एका लढाऊ खासगी जहाजावर चढला आणि १७७९ साली मारला गेला. त्याची बायको डचेस तेव्हा गुलामच होती. पुढे ती सुटली, आणि केक-पेस्ट्री करण्यात तिचा हात धरणारं त्या गावात कुणी नव्हतं.

अशा माणसांचा पाळक असताना हॉपकिन्सला दोन वह्या ठेवता येईनात. १७७६ साली, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याच वर्षी, त्याने आफ्रिकनांच्या गुलामीवर एक संवाद लिहून अमेरिकन काँग्रेसला अर्पण केला. आपण इंग्लंडच्या जोखडाविरुद्ध ओरडतो आणि आपल्याच घरात माणसं जोखडात ठेवतो, हा त्याचा सवाल होता. १७८४ साली त्याच्या मंडळीने ठराव केला की गुलामी आणि तिचा व्यापार शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहे. हे धर्मशास्त्र काही नवीन नव्हतं. गुरूचंच होतं, सर्वांच्या कल्याणाची ओढ. सर्वांमध्ये क्वामिनही येतो, एवढीच त्यात भर पडली होती, आणि ती भर हॉपकिन्सच्या अभ्यासिकेत पडलेली नाही. क्वामिन समोर बसून ऐकत होता म्हणून पडली.

दुसरा माणूस लेम्युएल हेन्स. बाप आफ्रिकी, आई गोरी. पाच महिन्यांचा असताना एका घरी वयाच्या २१व्या वर्षापर्यंतच्या करारावर चाकरीला बांधला गेला. एडवर्ड्स परंपरेतली पुस्तकं त्याने शेतावरचं काम उरकून चुलीच्या उजेडात वाचली. स्वातंत्र्ययुद्धात बंदूक घेतली. आणि सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत हे जेफरसन यांचं वाक्य हाती घेऊन १७७६च्या सुमारास त्याने लिहिलं की हे खरं असेल तर गुलामी पाप आहे. ज्यांनी ते वाक्य लिहिलं त्या जेफरसन यांच्या मालकीची आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसं होती. हेन्सचं हस्तलिखित तेव्हा छापलंच गेलं नाही, ते उजेडात यायला १९८३ साल उजाडलं. पण तो पाळक झाला. व्हर्मांटमधल्या रटलंडच्या गोऱ्या मंडळीपुढे त्याने ३० वर्षं उपदेश केला, तोही एडवर्ड्स यांच्याच धर्मशास्त्राचा.

आमच्या मुंबईच्या मिशनच्या संदर्भात मला सगळ्यात जवळची वाटते ती बेट्सी स्टॉकटन. न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला गुलामीत जन्मलेली, कॉलेजच्या अध्यक्षांच्या घरी कामाला राहून त्यांच्याच पुस्तकांवर शिकलेली, पुढे मुक्त झालेली. १८२२ साली अमेरिकन बोर्डाने तिला हवाई बेटांवर पाठवलं. तिथे लाहायना इथे तिने साध्या कष्टकरी लोकांसाठी शाळा काढली. एकटी, अविवाहित बाई बोर्डाने परदेशी पाठवली ती आधी ही, आणि मग पाच वर्षांनी मुंबईला सिंथिया फरार. आमच्या चर्चमध्ये फरारबाईंचं नाव आदराने घेतात. बेट्सीचं नाव मी लहानपणी कधीच ऐकलं नाही.

आणि त्याच बोर्डाने १८४५ साली ब्रुकलिनच्या सभेत काय केलं? चेरोकी आणि चोक्टॉ आदिवासींमधल्या त्यांच्या मंडळ्यांत गुलाममालक सभासद होते. त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं का, असा सवाल आला. गुलामी वाईट आहे हे बोर्डाने मान्य केलं, पण तेवढ्या कारणाने कुणाला मंडळीबाहेर काढता येणार नाही, असा पवित्रा घेतला. मालकांच्या देणग्याही येतच होत्या. यावर चिडलेल्या लोकांनी १८४६ साली वेगळी अमेरिकन मिशनरी असोसिएशन काढली. हॉपकिन्सच्या मंडळीने १७८४ साली मिटवलेली दुसरी वही साठ वर्षांनी त्याच्याच वारसांनी पुन्हा उघडली. त्या देणग्यांतला एखादा डॉलर नगरच्या शाळेपर्यंतही आला असेल का, हा विचार माझ्या मनात येतो आणि मला पणजीची पाटी दिसते. मी हा विचार झटकत नाही.

फरारबाईंच्या नगरच्या शाळेला एका तरुणाने भेट दिली आणि परतून १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. जोतीराव फुले. त्यांचं घडणं स्कॉटिश मिशनच्या शाळेतलं, थॉमस पेनच्या ग्रंथांवरचं. १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं ते त्यांनी अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, निग्रोंना दास्यातून सोडवताना त्यांनी जो निःस्वार्थ त्याग केला त्याच्या आदरापोटी, आणि माझे देशबांधवही आपल्या शूद्र भावंडांच्या सुटकेसाठी तोच कित्ता गिरवोत अशा आशेने. काही अभ्यासू लोक मला म्हणतात, जोतीरावांना अमेरिकेची काळी बाजू ठाऊक नव्हती. मला तसं वाटत नाही. ज्याने पुस्तकाला गुलामगिरी हे नाव दिलं त्याला काळी बाजू शिकवायची गरज नव्हती. त्यांनी अर्पण केलं ते सोडवणाऱ्यांना. बांधणाऱ्यांना त्यांनी काहीच दिलेलं नाही.

जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. माझ्या लहानपणी आमच्याकडे याची थोडी हळहळ होती. आज मला त्यामागचं कारण दिसतं. त्यांचा निर्मिक, म्हणजे सर्वांना निर्माण करणारा देव, माणसाचे तुकडे करत नाही. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. समतेबद्दल तोवर पुष्कळ बोलून झालं होतं. हौदावर घागर बुडते की नाही एवढंच उरलं होतं. आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात त्यांनी असं घर कल्पिलं आहे की जिथे बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असून सगळे प्रेमाने नांदतात. परळच्या माझ्या खोलीत रविवारी बसणाऱ्या माणसांकडे पाहिलं की मला ते घर आठवतं.

तर त्या मुलाला मी असं उत्तर दिलं: एडवर्ड्स यांनी व्हीनसला विकत घेतलं, देवाला विकत घेतलं नव्हतं. ते प्रवचन देत तेव्हा तीही त्याच देवळात बसत असणार. सर्वांवरच्या प्रेमाचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला, पण त्याचा पुरता अर्थ क्वामिन, हेन्स, बेट्सी यांच्याकडे होता, आणि त्यांनी तो परत शिकवला म्हणून तो पुढे आला. माझ्या पणजीला मिळाला तो असा सुधारून आलेला शब्द. मी एडवर्ड्स यांचं पुस्तक टाकणार नाही, पण विक्रीचा तो कागद बाजूला ठेवूनही वाचणार नाही.

त्याचं समाधान झालं नाही. तो म्हणाला, "बाई, बेट्सीने अर्थ दिला हे खरं. पण १८४५ साली खुर्चीवर बसून ठराव करणाऱ्यांत ती कुठे होती? अर्थ एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे, असंच राहिलं तर वही पुन्हा उघडणारच." हे मला नाकारता आलं नाही. आमच्याच मराठी मंडळ्यांत सोयरीक जुळवताना आजही आजोबांच्या आधीची जात हळूच विचारली जाते, आणि जे विचारतात तेच बहुधा कमिटीवर असतात. पुढच्या रविवारी आम्ही हेच घेऊन बसणार आहोत. १६६७चा कायदा तो मुलगा वाचून दाखवणार आहे, आणि बाप्तिस्म्याने आपल्या घरांत कोणता फरक पडला आणि कोणता पडला नाही हे ज्याने त्याने आपल्या घरापुरतं मोठ्याने सांगायचं, असं ठरलं आहे. काकूही येणार आहेत.